रोमँटिक चित्रांतलं चर्च आणि खरं मध्ययुगीन चर्च: नेपथ्यासाठी काय घ्यायचं, काय सोडायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुमच्या एकांकिकेतला मुख्य प्रसंग चौदाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये, एका कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चच्या, आत घडतो. संदर्भासाठी तुम्ही टर्नर, ग्राने, दागेर, ब्लेखेन या १८०० च्या आसपासच्या युरोपियन रोमँटिक, म्हणजे भावना नि गूढता रंगवणाऱ्या, चित्रकारांची चित्रं जमवली आहेत. सगळीकडे तेच: उंच काळवंडलेले खांब, रिकामी फरशी, वरून उतरणारा एकच कवडसा आणि कोपऱ्यात एखादा भिक्षू. या चित्रांवरून मागचा पडदा रंगवला तर चालेल का, आणि ती चर्चं खरंच इतकी अंधारी नि ओकीबोकी होती का, असं तुम्ही विचारलंय.

चित्रकारांनी जे पाहिलं तेच बहुतेक वेळा काढलं आहे. पण त्यांनी पाहिलं ते १८०० च्या आसपासचं चर्च, आणि तुमची गोष्ट त्याच्या चार-पाचशे वर्षं आधीची. मधल्या काळात त्या इमारतींमधून किती काय काय काढून नेलं होतं, हे लक्षात घेतलं नाही तर पडदा कितीही देखणा झाला तरी तो चुकीच्या शतकातला होतो.

हा घोटाळा मी स्वतः केला आहे. मी तीसेक वर्षं नाटकांचे पडदे रंगवतो आणि मुलांना पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट पडद्यावर खोली दाखवण्याची रीत, शिकवतो. खूप वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेसाठी असंच चर्च उभं केलं होतं. ब्लेखेनचं १८२६ चं ‘गॉथिक चर्चचे अवशेष’ हे चित्र समोर ठेवलं होतं. (गॉथिक म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन बांधणी.) मूळ चित्र ड्रेस्डेनला आहे. त्यात छत कोसळलेलं, आत झाडं उगवलेली, फरशीच्या जागी पाणी आणि खांबाच्या पायथ्याशी झोपलेला एक यात्रेकरू. मी झाडं-पाणी वगळलं, पण तो सगळा हिरवट करडेपणा आणि ओसाडी जशीच्या तशी उचलली. प्रयोगानंतर वसईचे एक निवृत्त फादर आत भेटायला आले. पडद्याचं कौतुक केलं आणि मग शांतपणे विचारलं, “हे चर्च बंद पडून किती वर्षं झाली?” नाटकात तर त्या चर्चमध्ये रोज प्रार्थना होत होती, दिवे लागत होते, गाव जमत होतं. फादरांनी एका वाक्यात माझी चूक दाखवली. तेव्हापासून कुठलंही आतल्या दृश्याचं चित्र संदर्भाला घेतलं की मी आधी विचारतो: चित्रकार तिथं बसला त्या दिवशी या जागेचं काय चाललं होतं?

टर्नरपासूनच बघू. १७९२ साली सतरा वर्षांचा टर्नर वेल्समध्ये फिरला आणि टिंटर्न ॲबीची रेखाटनं घेऊन आला. त्यावरून पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानं जी जलरंगचित्रं केली त्यांत खांबांवर, कमानींवर आयव्हीचे वेल लोंबताहेत, वर मोकळं आकाश आहे. टिंटर्न हा सिस्टर्शियन भिक्षूंचा मठ, ११३१ साली स्थापन झालेला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, तो बंद केला, छताचं शिसंही काढून विकलं. म्हणजे टर्नर पोहोचला तेव्हा त्या जागेत प्रार्थना थांबून अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती. त्या काळी वाय नदीतून होडीनं हे अवशेष बघायला जायची फॅशन होती. तिथल्या निसर्गसौंदर्यावर लिहिणाऱ्या विल्यम गिल्पिननं तर भिंतींचे त्रिकोणी माथे फारच सरळसोट दिसतात, हातोड्यानं थोडे फोडले तर बरं दिसेल, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. पडझड हा दोष राहिला नव्हता, लोक तीच बघायला यायचे. आज तिथं जाल तर ती आयव्हीसुद्धा दिसणार नाही. १९०१ साली जागा सरकारकडे आली आणि पुढे भिंती वाचवण्यासाठी वेल काढून टाकले.

‘पण टर्नरनं चालू कॅथीड्रलंही रंगवली आहेत,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर. सर रिचर्ड कोल्ट होर यांच्यासाठी त्यानं इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथीड्रलची मालिका केली, त्यात आतली दृश्यं आहेत. पांढुरक्या भिंती, लांबवर मोकळी पोकळी, त्यात तिरका प्रकाश. अप्रतिम काम आहे. पण त्याच्या आधी काही वर्षं, १७८९ ते १७९२ मध्ये, जेम्स वायट या वास्तुविशारदानं त्या कॅथीड्रलची ‘सुधारणा’ केली होती. मधले आडोसे हलवले, दोन छोटी प्रार्थनागृहं पाडली, उरलेल्या जुन्या रंगीत काचा काढल्या, आतून सफेदी फासली. टर्नरच्या चित्रातला तो भव्य मोकळेपणा बराचसा वायटचा आहे. तेराव्या शतकातल्या गवंड्यांना तो ओळखू आला नसता.

फ्रान्समध्ये तर हे आणखी टोकाला गेलं होतं, आणि तुमची गोष्ट तिथलीच असल्यामुळे इथं थोडा थांबतो. पॅरिसचं कॅथीड्रल नोत्र दाम, त्याच्या बहुतेक मध्ययुगीन रंगीत काचा अठराव्या शतकाच्या मध्यात काढून तिथं पांढऱ्या काचा बसवल्या होत्या, आत उजेड यावा म्हणून. मग फ्रेंच राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये तिथं बुद्धीच्या देवीचा सोहळा झाला, नंतर इमारत गोदाम म्हणून वापरली. २ डिसेंबर १८०४ ला नेपोलियनचा राज्याभिषेक झाला तेव्हा आतलं गॉथिक काम लोकांना दिसू नये म्हणून पेर्सिए आणि फोंतेन या जोडीनं लाकूड, पुठ्ठा आणि कापडाची रोमन थाटाची सजावट उभी केली. म्हणजे तेही नेपथ्यच. चित्रकार दाव्हिदनं काढलेल्या राज्याभिषेकाच्या प्रचंड चित्रात मागे दिसणारे चौकोनी खांब हे त्या सजावटीचे आहेत.

मग अंधार आला कुठून? मला पटलेलं एक उत्तर असं. क्रांतीत फोडलेल्या मठांमधल्या मूर्ती, थडगी, काचा आलेक्झांद्र लनुआर यानं पॅरिसच्या एका जुन्या मठात गोळा केल्या आणि १७९५ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. शतकागणिक एक दालन. तेराव्या शतकाचं दालन त्यानं मुद्दाम अंधारं ठेवलं, रंगीत काचांतून जेमतेम उजेड येईल असं. जसजसं अलीकडच्या शतकांकडे जावं तसतसा उजेड वाढत जायचा. मध्ययुग म्हणजे अज्ञानाचा काळोख, हे त्याचं म्हणणं त्यानं दिव्यांऐवजी खिडक्यांनी मांडलं. १८१६ मध्ये ते संग्रहालय बंद झालं, पण वीस वर्षं पॅरिसच्या तरुण चित्रकारांनी तिथं बसून रेखाटनं केली. मध्ययुगाचं त्यांच्या डोळ्यांत बसलेलं रूप हे एका माणसानं केलेल्या प्रकाशयोजनेतून आलेलं होतं. आपल्या व्यवसायातल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. एकदा एखादा रंग प्रेक्षकाच्या मनात एखाद्या काळाशी जोडला गेला की तो काढता काढता निघत नाही.

त्या दालनांची चित्रं काढणाऱ्यांपैकी एक होता शार्ल-मारी बुताँ. त्याचा भागीदार लुई दागेर, जो पुढे फोटोग्राफीमुळे जगाला माहीत झाला. दागेर मुळात आपल्यातलाच. पॅरिसच्या ऑपेरात पडदे रंगवणाऱ्याच्या हाताखाली शिकलेला, नाटकगृहांसाठी देखावे करणारा. ब्लेखेननंही बर्लिनच्या एका नाटकगृहात पडदे रंगवले आहेत आणि स्पेनमधल्या बुर्गोस कॅथीड्रलचं आतलं दृश्य रंगवणारा स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सही नाटकाच्या पडद्यांवरूनच वर आला. त्यामुळे ही चित्रं तुम्हाला ‘नाटकी’ वाटली असतील तर तो तुमच्या नजरेचा दोष नाही. ती नाटकाच्याच हातांनी काढलेली आहेत, आणि म्हणून पडद्यासाठी त्यांतून उचलण्यासारखं बरंच आहे.

१८२२ च्या जुलैत बुताँ आणि दागेरनं पॅरिसमध्ये डायोरामा सुरू केला. सुमारे २२ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच कापड, पुढच्या काळात दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. समोरून उजेड टाकला की एक दृश्य, तो कमी करून मागून टाकला की दुसरं. प्रेक्षक गोल फिरणाऱ्या प्रेक्षागृहात बसायचे आणि एका दृश्यानंतर अख्खं प्रेक्षागृहच दुसऱ्या दृश्याकडे वळायचं. सुरुवातीच्या दोन चित्रांपैकी बुताँचं चित्र कँटरबरी कॅथीड्रलमधल्या ट्रिनिटी चॅपेलचं होतं. १८३४ मध्ये दागेरनं ‘मध्यरात्रीची प्रार्थना’ दाखवली: पॅरिसचं सेंत-एत्येन-द्यु-माँ चर्च, आधी दिवसाउजेडी रिकामं, मग संध्याकाळ उतरते, एकेक मेणबत्ती लागते आणि मघाशी जिथं नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या तिथं माणसं भरलेली दिसतात. मग पुन्हा पहाट.

मी हे कार्यशाळेत करून पाहिलंय. धुतलेल्या मांजरपाटावर पुढून फक्त पातळ, पारदर्शक रंगांत खांब, कमानी, रिकामी फरशी काढली. माणसांच्या आकृत्या मागच्या बाजूला काढल्या, आणि तिथं मात्र रंग दाट, अपारदर्शक. पुढचा दिवा चालू असेपर्यंत एकही माणूस दिसत नाही. डिमरनं पुढचा उजेड हळूहळू उतरवला आणि मागचा चढवला की माणसं सावल्यांसारखी कापडातून वर येतात. पहिल्यांदा करताना मी पुढच्या बाजूला खांबांच्या सावलीत काळा रंग जाड लावला होता. मागून उजेड येताच तो भाग डांबरासारखा मेला, त्याच्यामागचं काहीच पाझरेना. सावलीसुद्धा पातळच हवी, दोन-तीन हात देऊन चढवलेली. तुमच्या एकांकिकेत तो ‘रिकाम्या चर्चमध्ये गाव जमतं’ असा क्षण आहे असं तुम्ही लिहिलंय. वीस माणसं उभी करायची नसतील तर हा उपाय करून बघा.

दागेरचं असं एकच काम आज जागेवर शिल्लक आहे. पॅरिसजवळ ब्री-स्युर-मार्न या गावातल्या लहानशा चर्चमध्ये, वेदीच्या मागे, १८४२ मध्ये त्यानं केलेलं. गावचं साधं चर्च, पण समोर बघितलं की वेदीच्या पलीकडे अख्खं गॉथिक कॅथीड्रल लांबवर पसरलेलं दिसतं. तुमचा रंगमंच अठरा फूट खोल आहे म्हणता, तेव्हा तुमची अडचण त्या गावाच्या चर्चसारखीच आहे.

आता ग्राने. त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र १८१४-१५ चं, रोममधल्या कापुचिन भिक्षूंच्या क्वायरचं, म्हणजे वेदीजवळ जिथं भिक्षू बसून स्तोत्रं म्हणतात त्या जागेचं. ते इतकं चाललं की त्याला त्याच्या डझनभर प्रती कराव्या लागल्या. बहुतेक लोक ते मध्ययुगीन समजतात, तुमच्या यादीतही ते तसंच आहे. ते चर्च सतराव्या शतकातलं आहे. काळ म्हणून ते तुमच्या कामाचं नाही, पण उजेडाचा धडा म्हणून त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. खिडकी समोर, खोलीच्या पार टोकाला, आणि आपण तिच्याकडे तोंड करून उभे. दोन्ही बाजूंचे भिक्षू आपल्याला फक्त कडांवर उजळलेले दिसतात. याचा फरक समजायला कार्ल्याचं चैत्यगृह आठवा. तिथंही एकच मोठी खिडकी आणि खांबांच्या दोन रांगा, पण खिडकी आपल्या पाठीशी असते. उजेड आपल्या खांद्यावरून जाऊन स्तूपावर पडतो, म्हणून स्तूप भरीव, गोल दिसतो. ग्रानेनं उजेड उलटा केला आणि माणसं आकृत्या झाल्या. नटाचा चेहरा महत्त्वाचा असेल तर कार्ल्याचा उजेड घ्या, समूह महत्त्वाचा असेल तर ग्रानेचा.

मग चौदाव्या शतकात आत नेमकं काय दिसायचं? पहिली गोष्ट रंग. दगड उघडा नसायचा. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये २००९ च्या सुमारास आतल्या भिंतींची सफाई सुरू झाली तेव्हा काजळीखाली मूळचा पिवळसर गेरूचा लेप आणि त्यावर पांढऱ्या रेषांनी काढलेले खोटे सांधे मिळाले. म्हणजे दगडावर लेप, आणि लेपावर पुन्हा दगडाचे सांधे. त्या कामावर बराच वाद झाला, कारण लोकांना काळवंडलेलं शार्त्रच खरं वाटत होतं. मला तो लेप आवडतो. रंगीत काचांचा निळा-तांबडा उजेड अशा फिक्या भिंतीवर पडतो तेव्हाच त्याला अर्थ येतो.

दुसरी गोष्ट, जी जवळजवळ सगळी रोमँटिक चित्रं चुकवतात: मधला आडोसा. फ्रेंचमध्ये त्याला जुबे म्हणतात. लोकांची जागा आणि पाद्र्यांचा क्वायर यांच्यामध्ये दगडी कोरीव भिंत असायची, वर सज्जा, त्यावर क्रुसावरचा येशू. टोकापासून टोकापर्यंत आरपार दिसणारं कॅथीड्रल ही नंतरची गोष्ट. शार्त्रचा जुबे १७६३ मध्ये पाडला. नोत्र दामचाही आधीच गेला होता. २०१९ च्या आगीनंतरच्या उत्खननात, २०२२ मध्ये, त्याचे तुकडे फरशीखाली सापडले आणि त्यांवर अजून रंग होता. पॅरिसमध्ये जुबे उरलाय तो एकाच चर्चमध्ये, सेंत-एत्येन-द्यु-माँमध्ये, म्हणजे दागेरनं रंगवलेल्या त्याच चर्चमध्ये. तो सोळाव्या शतकातला आहे. त्याहून थोडा जुना बघायचा असेल तर दक्षिण फ्रान्समधल्या आल्बीचा बघा, पंधराव्या शतकाच्या अखेरचा.

बाकीचं भराभर सांगतो. बाकांच्या रांगा काढू नका. लोक उभे असत, गुडघे टेकत, फिरत. बाजूच्या भिंतींना एकच वेदी नाही, अनेक छोट्या वेद्या, प्रत्येकीपुढे मेणबत्त्या. मूर्ती रंगवलेल्या, जागोजागी सोनं. आपल्याकडे यात्रेच्या दिवसात देवळाचा सभामंडप जसा असतो, तशी वर्दळ मनात आणली तर फार चुकणार नाही.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. दिग्दर्शकाला काळ दाखवायचाय की नायकाच्या मनातलं एकटेपण? प्रसंग आठवणीतला असेल, किंवा साथीनंतरच्या ओस पडलेल्या गावातला असेल, तर रोमँटिक रिकामपण बिनधास्त वापरा, ते तिथं शोभेल. चालू जगातलं चर्च असेल तर मी असं करीन: जुबे हाच तुमचा मागचा पडदा. समोर पूर्ण रुंदीची रंगीत भिंत, मध्ये एक दार, आणि दारातून मागे दिसणारा वेदीचा उजेड. यामुळे अठरा फुटांत दीडशे फूट लांबी दाखवण्याची कसरतच संपते. खोली फक्त त्या दारापुरती रंगवायची.

पर्स्पेक्टिव्हबद्दल दोन सूचना. आरपार समोरून दिसणारा रस्ता टाळा. सगळ्या रेषा मध्यावर एका बिंदूत गेल्या की नट त्या बिंदूजवळ गेल्याबरोबर राक्षसाएवढा दिसतो. बिबिएना घराण्यातल्या नेपथ्यकारांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर तोड काढली: दृश्य कोनातून बघायचं, रेषा डावी-उजवीकडे विंगांच्या बाहेर पळवायच्या. काही रोमँटिक चित्रकारांनीही हाच तिरकेपणा उचलला. आणि खांबाचा माथा दाखवू नका. झालरीच्या वर तो निघून जाऊ दे. उंची मोजता आली नाही की प्रेक्षक आपणहून ती वाढवतो.

मुंबईत असाल तर कुलाब्याचं अफगाण चर्च एकदा दुपारी चारनंतर बघून या. १८५८ साली त्याचं पवित्रीकरण झालं. या चित्रांमुळे गॉथिकची जी आवड युरोपात रुजली तिचीच ती मुंबईतली फांदी. ते मध्ययुगीन नाही, पण टोकदार कमानीखाली उजेड कसा वळतो, काचेचा रंग फरशीवर किती पसरतो, खांबाची सावली कुठं तुटते, हे तिथं उभं राहून वहीत टिपता येतं. फोटोवर विसंबू नका, मोबाईल सावली आपोआप उजळवतो.

मांजरपाट घ्याल तो कोरा वापरू नका. दोनदा धुवून खळ पूर्ण काढा, ओला असतानाच चौकटीवर ताणून खिळे मारा, आणि रंगाचा पहिला हात देण्याआधी त्याच्यामागे दिवा धरून बघा. विणीतली प्रत्येक गाठ तेव्हाच दिसते. जिथं गाठी जास्त असतील तो भाग वर झालरीकडे जाऊ द्या.